सबसिडी मिळेल हो, पण कधी? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उद्योगांच्या सरकारी सवलतींवर थोडंसं लिहिलं आणि लगेच पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप असं सगळीकडनं प्रश्न सुरू झाले. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता, सबसिडी नक्की किती आणि कधी मिळते, त्यामुळे त्यातले पाच निवडलेत, नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी दिलीत.

प्रश्न : वाशिम जिल्ह्यात फरसाण-चिवड्याचं युनिट टाकतोय. गुंतवणूक साधारण सव्वा कोटी. एक जण म्हणाला की तुम्ही भरलेला सगळा जीएसटी सरकार दहा वर्षं परत देतं, म्हणजे फॅक्टरी फुकटात पडते. खरं आहे का?

अर्धं खरं आहे आणि जे अर्धं खरं नाही तिथेच लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमचा तो माणूस बोलतोय ते सामूहिक प्रोत्साहन योजनेबद्दल. सगळे तिला पीएसआयच म्हणतात. ही काही कालची योजना नाही, महाराष्ट्रात ती १९६४ पासून आहे, तेव्हापासून दर काही वर्षांनी नवीन अवतार येतो, १९७९ चा होता, १९९३ चा होता, २००७, २०१३, मग २०१९. मूळ हेतू तेव्हापासून तोच, मुंबई-ठाणे-पुणे सोडून उद्योग जरा बाहेर जावेत. म्हणून तालुक्यांचे वर्ग पाडलेत, अ, ब, क, ड, ड प्लस, त्यापुढे विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. जेवढा भाग मागास तेवढी सवलत जास्त. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातनं गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम असे चारच आहेत त्या यादीत, आणि २०१९ च्या योजनेत या जिल्ह्यांना वरच्या रांगेत बसवलं होतं. तेव्हा जागा तुम्ही चांगली निवडलीय.

आता 'जीएसटी परत' म्हणजे काय. त्याचं नाव औद्योगिक विकास अनुदान, ऑफिसात आयपीएस म्हणतात. तुम्ही जो जीएसटी भरता त्याचे दोन तुकडे असतात, केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. राज्य सरकार परत देणार ते फक्त स्वतःच्या तुकड्याच्या हिशोबानं, केंद्राचा पैसा ते कुठून देणार. म्हणजे 'सगळा जीएसटी' हे तिथेच निम्मं झालं. दुसरं म्हणजे एसजीएसटी लागतो फक्त राज्यातल्या विक्रीवर. माल हैदराबादला गेला की आयजीएसटी लागला, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, त्यावर आयपीएस शून्य. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याच्या आधी असं नव्हतं, तेव्हा बाहेरच्या विक्रीवरचा सीएसटी राज्याकडेच यायचा म्हणून तोही हिशोबात धरायचे. आता कर जिथे माल खपतो तिथल्या राज्याला जातो, मग महाराष्ट्र तेलंगणाच्या ताटातलं तुम्हाला कसं वाढणार?

तिसरी गोष्ट तुमच्या धंद्यापुरती आणि सगळ्यात महत्त्वाची. पॅकबंद नमकीनवर आधी १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. गिऱ्हाईक खूश, तुम्ही पण खूश, पण आयपीएसचा आकडा बघा. समजा वर्षाला दोन कोटींची विक्री आणि सगळी राज्यातच. १२ टक्क्यांच्या काळात एसजीएसटी सहा टक्के, म्हणजे १२ लाख. आता अडीच टक्के, म्हणजे ५ लाख. त्यातला निम्मा माल आदिलाबाद-हैदराबादला पाठवलात तर अडीच लाख. त्या माणसानं तुम्हाला जो कागद दाखवला असेल ना, त्यावर बहुतेक जुना १२ टक्केच असणार, एकदा बघा. कागदावरची तारीख बघा आणि दर कुठला धरलाय ते बघा.

बरं, जे आहे ते काही कमी नाही. २०१९ च्या योजनेत लघु-मध्यम उद्योगांना ढोबळ एसजीएसटी धरला होता, म्हणजे तेल आणि पॅकिंग मटेरियलवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा करायच्या आधीचा आकडा, हा मोठाच फायदा आहे. शिवाय कर्जाच्या व्याजावर सवलत, युनिटमागे वीजदरात सवलत, वीजबिलात 'वीज शुल्क' म्हणून जी वेगळी ओळ असते तिच्यातनं सूट, आणि जमिनीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क माफी. ही शेवटची लोक हमखास घालवतात, कारण माफीचं पत्र जिल्हा उद्योग केंद्राकडून दस्त नोंदवायच्या आधी घ्यावं लागतं आणि आपल्याकडे मुहूर्त बघून आधी रजिस्ट्री करतात आणि मग विचारतात की सबसिडी काय काय आहे.

एकूण किती मिळणार यालाही वरची मर्यादा असते, तुमच्या स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांएवढी, आणि वर्षंही ठरलेली. सव्वा कोटीत वर्किंग कॅपिटल, म्हणजे कच्चा माल-पगारासाठीचा खेळता पैसा, धरलं असेल तर ते बाजूला काढा, त्यात ते धरत नाहीत. आणि २०१९ ची योजना १ एप्रिल २०१९ पासून पाच वर्षांसाठी आणली होती, त्यामुळे उद्योग केंद्रात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या तारखेला कुठला जीआर लागू आहे, आणि त्याची प्रत मागून घ्या, तोंडी टक्केवारीवर जाऊ नका.

पैसे कधी मिळतात तर आधी उत्पादन सुरू करायचं, मग पात्रता प्रमाणपत्र, मग आर्थिक वर्ष संपल्यावर रिटर्न आणि सीएच्या सर्टिफिकेटसकट दावा टाकायचा, तो मंजूर व्हायचा, आणि मग बजेटमध्ये तरतूद असेल तसे पैसे. माझं स्पष्ट मत आहे, बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांचा हप्ता आयपीएसमधनं फेडणार असं लिहू नका, लिहिलंत तर फेडताना दुसरीकडनं काढावे लागतील. सबसिडीचा आकडा शून्य धरून युनिट चालतंय का ते बघा आणि चालत असेल तर टाका.

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी, एक सीएनसी, अशी संगणकावर चालणारी मशीनं. विस्तार करायचाय. मित्र म्हणतो इथे काही मिळत नाही, मराठवाड्यात जा, तिकडे सरकार पैसे देतं. जावं का?

मित्र म्हणतोय ते नियमाला धरूनच आहे, तुमचा भाग अ वर्गात येतो आणि तिथे नवीन युनिटला आयपीएस नसतं, १९६४ पासूनचं धोरणच ते आहे की इथली गर्दी कमी करायची. पण एक हिशोब तुम्हीच मांडा. तुमची गिऱ्हाइकं कुठे आहेत? जॉबवर्क करत असाल आणि पार्टी संध्याकाळी फोन करून सकाळी दोनशे नग मागत असेल तर तीन-चारशे किलोमीटर लांब जाऊन तुम्ही ती ऑर्डर कशी पुरी करणार. ट्रकभाडं, तिथे सेटर आणि ऑपरेटर टिकवणं, टूल तुटलं की नवीन इन्सर्ट कोण आणून देणार, हे सगळं जोडा आणि मग सबसिडी वजा करा.

यातली जुनी गोष्ट औषध कंपन्यांची आहे. जानेवारी २००३ मध्ये केंद्रानं हिमाचल आणि उत्तराखंडला पॅकेज दिलं, नवीन युनिटला दहा वर्षं एक्साइज माफ, आयकरात पहिली पाच वर्षं शंभर टक्के सूट. बघता बघता हिमाचलमधल्या बद्दीत औषधांच्या फॅक्टऱ्यांची रांग लागली, देशभरातल्या कंपन्यांनी तिकडे उत्पादन हलवलं, कारण गोळ्यांचा खोका हलका आणि महाग, तो बद्दीहून मुंबईला आणायला खर्च किती येतो? पण लोखंडाचा जॉब जड आणि स्वस्त, त्याला ते गणित बसत नाही. एवढं बघून मित्राला उत्तर द्या.

हां, तुमची स्वतःची वस्तू असेल, कॅटलॉगची, जी महिन्यातनं दोनदा ट्रक भरून पाठवता येते, तर मात्र दुसरं युनिट बाहेर टाकायचा विचार जरूर करा, वेगळ्या जागेवरचं युनिट म्हणून त्याचा वेगळा अर्ज होतो. इथेच राहून मशीन घ्यायचं असेल तर तारण कमी पडतंय म्हणून अडू नका, सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या बिनतारण कर्जासाठीच्या सरकारी ट्रस्टची, हमी वापरा, ती देताना कुणी तालुका विचारत नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात घरगुती फणसाचे तळलेले गरे आणि कोकम आगळ करते. आता फ्रायर आणि पाऊच पॅकिंग मशीन घ्यायचंय, सात-आठ लाखांचा खर्च आहे. आमच्या बचत गटातल्या एकीला ३५ टक्के मिळाले म्हणे. मशीन स्वतःच्या पैशानं आधी घेऊन टाकू आणि नंतर बिलं दाखवून ३५ टक्के मागू, चालेल?

नाही ताई, अजिबात नको! बिलं दाखवून पैसे परत असा हा प्रकार नाही. हिला क्रेडिट लिंक्ड सबसिडी म्हणतात, म्हणजे बँकेचं कर्ज असेल तरच सबसिडी. रोखीनं मशीन आणलंत की विषय संपला.

तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक पीएमएफएमई, ही खास छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, २०२० ला आली, प्रकल्पाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाख. स्वतःचे कमीत कमी दहा टक्के घालायचे, बाकी बँक. चालू धंदा असला तरी चालतो, म्हणजे तुम्ही आत्ता जे करताय ते वाढवायला ही बरोबर बसते. अर्जासाठी जिल्ह्याला संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, डीआरपी म्हणतात, कृषी अधीक्षकांच्या ऑफिसात त्यांचा नंबर मिळतो, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट ते करून देतात, त्यासाठी तुम्ही त्यांना पैसे द्यायचे नसतात.

दुसरा रस्ता पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. ही सबसिडी नवीन युनिटला, त्यामुळे तुमचं काम नवीन युनिट म्हणून बसतं का ते आधी विचारा. उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेचा २० लाखांपर्यंत. तुम्ही महिला आणि गाव ग्रामीण, म्हणजे ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे फक्त पाच टक्के. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला शहरात १५ आणि गावात २५, त्याला स्वतःचे दहा टक्के घालावे लागतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे तोही याच धाटणीचा आहे. एकाच युनिटवर दोन्हीकडनं सबसिडी घेता येत नाही, त्यामुळे आधी ठरवा मग अर्ज टाका.

एक गोष्ट बायकांना बँकेत कुणी नीट समजावत नाही ती सांगतो. पीएमईजीपीची सबसिडी तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवतात, त्या ठेवीवर तुम्हाला व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का ते बघायला माणूस येतो, मशीन जागेवर दिसलं की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे आठ लाखांच्या प्रकल्पात तुमचे ४० हजार, २ लाख ८० हजार सबसिडी, आणि खरं फेडायचं कर्ज उरतं ४ लाख ८० हजार. पण मधेच पावसाळ्यात वीज नाही, फणस नाही म्हणून युनिट बंद करून मशीन विकलंत तर ती सबसिडीही परत जाते. फणसाचा सीझन जेमतेम तीन महिन्यांचा, तेव्हा उरलेलं वर्षभर फ्रायरवर केळ्याचे वेफर्स का आणखी काय करणार ते रिपोर्टमध्ये आधीच घाला, बँकवाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

कोटेशन घेताना जीएसटी नंबर असलेल्या डीलरचंच घ्या, आणि डीलर म्हणाला की अॅडव्हान्स द्या नाहीतर दर वाढतील, तर त्याला सांगा वाढू देत, मंजुरीपत्र आल्याशिवाय एक रुपया देणार नाही.

प्रश्न : कोल्हापुरात फाउंड्री आहे. राज्य सरकारचं अनुदान मंजूर झालं. आमचे सीए म्हणतात त्यावर इन्कम टॅक्स लागेल. जुने वकील म्हणतात अनुदान म्हणजे भांडवली जमा, धंद्याची कमाई नव्हे, त्यावर टॅक्स नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. दोघंही ठाम आहेत. कुणाचं ऐकू?

गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त वर्षं वेगळी आहेत.

वकीलसाहेब म्हणतात तो निकाल आपल्या पुण्याचाच आहे, चाफळकर ब्रदर्सचा, डिसेंबर २०१७ चा. राज्यानं नवीन मल्टिप्लेक्सना करमणूक कर माफ केला होता, पहिली तीन वर्षं पूर्ण, आणि पुढची दोन वर्षं फक्त २५ टक्के भरायचा. आयकर खातं म्हणालं हा रोजच्या धंद्यातला पैसा आहे, तिकीट विकल्यावरच मिळतो, टॅक्स भरा. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पैसा कुठल्या वाटेनं आला ते बघायचं नाही, कशासाठी दिला ते बघायचं, मल्टिप्लेक्स उभी राहावीत म्हणून दिला ना, मग ती भांडवली जमा. विक्रीकराच्या सवलतींवरही वर्षानुवर्षं हाच वाद चालला होता.

पण तो निकाल जुन्या वर्षांचा. मधल्या काळात सरकारनं कायदाच बदलला. २०१५ च्या फायनान्स अॅक्टनं उत्पन्नाच्या व्याख्येत एक कलम घातलं आणि करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून केंद्र किंवा राज्याची सबसिडी, सवलत, ड्यूटी ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी ड्यूटी), काहीही नाव द्या, ते उत्पन्नच धरायचं असं ठरलं. तुमच्या कामाचा अपवाद एक, ज्या सबसिडीमुळे मशीनची किंमत कमी धरली जाते आणि घसारा, म्हणजे मशीन झिजण्यापोटीची वजावट, कमी मिळतो ती पुन्हा उत्पन्नात धरत नाहीत. तुमचं अनुदान विक्रीवरच्या एसजीएसटीशी जोडलेलं असेल तर ते या अपवादात घुसवणं अवघड. त्यामुळे आत्ताच्या पैशासाठी सीएंचं ऐका. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुने नंबर सांगून कुणी भांडत असेल तर हसू नका, पण पुस्तक उघडून बघा.

मंजुरी मिळाली पण पैसे आले नाहीत, मग टॅक्स कधी? आधीच्या कुठल्या वर्षात ते उत्पन्न दाखवलं नसेल तर पैसे हातात आले त्या वर्षी. तुम्ही हिशोबात आधीच येणं म्हणून धरून ठेवलंय का ते सीएंना विचारा, कारण मिळण्याची पक्की खात्री झाली की हिशोबात दाखवायचं असाही नियम आहे आणि तिथे घोळ होतो. जीएसटी मात्र या अनुदानावर लागत नाही, सरकारची सबसिडी मालाच्या किमतीत धरायची नाही असं जीएसटी कायद्यातच आहे.

प्रश्न : मी तळेगावचा. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखान्याचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा आमच्याकडे फार बोललं गेलं. आपल्या सरकारनं कमी सवलती दिल्या म्हणून गेला का? आणि द्यायलाच हव्या होत्या का एवढ्या?

राजकारणाचं ज्याचं त्यानं बघावं, मी व्यवहाराचं बोलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता आणि तैवानच्या फॉक्सकॉननं गुजरातशी १ लाख ५४ हजार कोटींचा करार केला. गुजरातनं त्याआधी जुलैतच सेमीकंडक्टरसाठी वेगळं धोरण काढलं होतं, असं करणारं ते पहिलं राज्य. आणि या उद्योगात खरा मोठा पैसा केंद्राचाच असतो, प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र द्यायला तयार होतं, राज्य त्याच्यावर आणखी थर चढवतं. पुढे काय झालं तर जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननं भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. म्हणजे ज्यावरनं इथे एवढी भांडणं झाली तो प्रकल्प त्या रूपात तिथेही उभा राहिला नाही. धोलेऱ्याला जो चिप कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला तो टाटांचा, तैवानच्या दुसऱ्या कंपनीबरोबरचा.

याच फॉक्सकॉनची अमेरिकेतली गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. २०१७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं त्यांना साधारण तीन अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या, बदल्यात दहा अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्या. या सवलती म्हणजे मुख्यतः टॅक्स क्रेडिट, तेही असं की कंपनीचा राज्याला द्यायचा कर जवळजवळ शून्य असला तरी फरक रोखीत मिळणार. धूमधडाक्यात भूमिपूजन झालं, टीव्हीचे पडदे बनणार होते. नोकऱ्यांचा आकडा गाठलाच नाही म्हणून राज्यानं क्रेडिट दिलं नाही, आणि २०२१ मध्ये करार नव्यानं लिहिला, ८० दशलक्ष डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या. राज्याची तिजोरी वाचली कारण करारात लिहिलं होतं, आधी माणसं कामावर घ्या, मग पैसे. पण तिथल्या माउंट प्लेझंट गावानं जमिनी घेणं आणि रस्ते-पाणी यावर आधीच खर्च करून ठेवला होता. शेवटी त्यातली बरीच जागा मायक्रोसॉफ्टनं डेटा सेंटरला घेतली म्हणून बरं.

तर द्यायला हव्या होत्या का, याला माझं उत्तर असं की किती देतो त्यापेक्षा कधी देतो हे बघावं. आपली पीएसआय त्या बाबतीत बरी आहे, माल विकला, कर भरला, मगच अनुदान. सामंजस्य कराराचा आकडा पेपरात छापून येतो, त्यात सरकारचा एक पैसाही गेलेला नसतो आणि कंपनीचाही नाही. पण जमीन, पाण्याची लाइन, सबस्टेशन हे आधी करून द्यावं लागतं आणि तो खर्च कुणी मोजत नाही, प्रकल्प नाही आला तर तो परतही येत नाही. तुम्ही तळेगावचे आहात म्हणून एक जास्तीचं सांगतो, नुसत्या कराराच्या बातमीवर आजूबाजूची जमीन चढ्या भावानं घेऊ नका, एमआयडीसीचं प्लॉट वाटपाचं पत्र निघालं का आणि कंपनीनं पैसे भरून ताबा घेतला का एवढं विचारा, ते एमआयडीसीच्या प्रादेशिक ऑफिसात माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कळतं.